पान गुगलवर दिसत नाही? शीर्षकाला हात लावण्याआधी हे क्रमाने करा

वेबसाइटवरचं एखादं पान सर्चमध्ये वर आणायचं म्हटलं की बहुतेक जण आधी शीर्षक बदलतात. मग कीवर्ड कोंबतात, मग एखादं एसईओ (सर्चमध्ये वर येण्यासाठीचं) प्लगइन टाकतात आणि त्यातला हिरवा दिवा लागला की काम झालं असं धरून चालतात. महिन्याभराने बघावं तर काहीच हललेलं नसतं. यातलं एकेक काम घेतलं तर फारसं चुकीचं नसतं, क्रम मात्र उलटा असतो. जे पान गुगलच्या यादीतच नाही, त्याचं शीर्षक कितीही घासूनपुसून लिहिलं तरी वाचणार कोण?

हा उद्योग मी स्वतः केलेला आहे. साइटची मांडणी नवी करून घेतली आणि पुढचे दोन महिने रोज रात्री शीर्षकं नि वर्णनं सुधारत बसलो. भेटी घटतच गेल्या. शेवटी वर्डप्रेसच्या सेटिंग्जमधल्या ‘रीडिंग’ भागात गेलो, तर ‘सर्च इंजिनांनी ही साइट इंडेक्स करू नये (यादीत घेऊ नये)’ अशा अर्थाच्या ओळीपुढच्या चौकोनात बरोबरची खूण! काम चालू असताना कुणीतरी केलेली, नंतर काढायची राहून गेलेली. तेव्हापासून मी खालचा क्रम सोडत नाही.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच पान धरू: सायकल दुरुस्तीच्या एका साइटवरचं, सायकलची चेन सारखी का पडते हे सांगणारं.

## आधीची तयारी

गुगल सर्च कन्सोलमध्ये (आपली साइट सर्चमध्ये कशी दिसते हे दाखवणाऱ्या गुगलच्या साधनात) साइटची मालकी सिद्ध करून ठेवा. तिथे ‘डोमेन’ आणि ‘यूआरएल प्रीफिक्स’ असे दोन पर्याय येतात. डीएनएसमध्ये (डोमेनच्या पत्त्याच्या नोंदी असतात तिथे) नोंद टाकता येत असेल तर डोमेनच घ्या. त्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेले, नसलेले, एचटीटीपी, एचटीटीपीएस असे सगळे पत्ते एकत्र येतात. दुसरा पर्याय घेतलेले लोक पुष्कळदा चुकीच्या पत्त्याचे आकडे बघत बसतात आणि ‘माझ्या साइटला कुणी येतच नाही’ म्हणतात. बिंगचं वेबमास्टर टूल्सही घेऊन ठेवा. सर्च कन्सोलमधून माहिती तिकडे थेट आणता येते, पाच मिनिटांचं काम आहे.

मग एक साधी शीट उघडा. रकाने असे: पानाचा पत्ता, ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतं, सध्याचं शीर्षक, काय बदललं, कोणत्या तारखेला. त्याच शीटमध्ये गेल्या तीन महिन्यांचे क्लिक, इम्प्रेशन (पान निकालांत किती वेळा दिसलं) आणि सरासरी स्थान उतरवून ठेवा. सर्च कन्सोल फक्त १६ महिन्यांची माहिती ठेवतं, त्यामुळे जुने आकडे हवे असतील तर ते आपल्याकडेच असायला हवेत.

तपासा: शीटमधल्या ‘कोणत्या प्रश्नाचं उत्तर’ या रकान्यात एक वाक्य लिहिता येत नसेल, तर त्या पानावर अजून काम सुरू करू नका.

## टप्पा १: दार उघडं आहे का ते बघा

सर्च कन्सोलच्या वरच्या पट्टीत पानाचा पूर्ण पत्ता टाका. पान गुगलवर आहे की नाही, आणि नसेल तर का नाही, हे तिथेच कळतं. गुगलच्या शोधपट्टीत ‘साइट’ हा इंग्रजी शब्द, कोलन आणि लगेच पत्ता टाकून बघण्याची पद्धतही आहे, पण तिच्यावर विसंबू नका. त्यात दिसणारी पानांची संख्या ढोबळ असते.

पान यादीत नसेल, तर कारणं साधारण अशी निघतात.

पानावर नोइंडेक्सचा टॅग राहिलेला असतो. माझं झालं तसं.

किंवा रोबोट्स फाइलमध्ये तो भाग अडवलेला असतो. इथे जवळपास सगळे घोटाळा करतात, म्हणून जरा थांबतो. रोबोट्स फाइल बॉटला (पानं वाचत फिरणाऱ्या गुगलच्या प्रोग्रामला) सांगते, ‘या पानावर येऊ नकोस.’ नोइंडेक्स सांगतो, ‘ये, वाच, पण यादीत घालू नकोस.’ पान सर्चमधून काढायचं म्हणून लोक दोन्ही एकदम लावतात. मग होतं काय, की बॉट दारातूनच परत फिरतो, आतली नोइंडेक्सची पाटी त्याला दिसतच नाही, आणि बाहेरच्या कुठल्या साइटने त्या पत्त्याला लिंक दिली असेल तर तो पत्ता वर्णनाविना यादीत टिकूनही राहू शकतो. काढायचंय तर नोइंडेक्स लावा आणि रोबोट्स फाइलमधला अडसर काढा. दाखवायचंय तर दोन्ही काढा.

तिसरी शक्यता अशी की ‘क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही’ अशा अर्थाचा शेरा दिसतो. म्हणजे बॉट आला, वाचून गेला आणि पान ठेवलं नाही. बहुतेक वेळा इथे मजकुरातच काहीतरी कमी असतं किंवा तेच दुसऱ्या पानावर आधीच असतं. याउलट ‘सापडलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही’ म्हणजे पत्ता माहीत आहे, पण बॉट अजून फिरकलेला नाही. या दुसऱ्या शेऱ्यावर मजकूर सुधारत बसणं व्यर्थ आहे. तिथे आतल्या लिंक वाढवाव्या लागतात, आणि सर्व्हर दमतोय का ते बघावं लागतं.

पान यादीत असलं तरी आणखी एक गोष्ट बघायचीच: बॉटला पान कसं दिसलं. त्याच साधनात क्रॉल केलेल्या पानाचा एचटीएमएल मजकूर उघडता येतो. त्यात तुमच्या लेखातलं एखादं मधलंच वाक्य शोधा. सापडलं नाही, तर मजकूर बहुधा बटण दाबल्यावर लोड होत असेल. गुगलबॉट जावास्क्रिप्ट चालवतो, पण बटणं दाबत बसत नाही. ‘अधिक वाचा’ दाबल्यावर सर्व्हरवरून येणारा परिच्छेद त्याच्यासाठी नाहीच. आधीपासून पानात असलेला, फक्त घडी घालून ठेवलेला मजकूर मात्र त्याला वाचता येतो.

मराठी पानांवर याच जागी आणखी एक भानगड निघते. मजकूर जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून चिकटवलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. परिच्छेद निवडा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. कचरा आला तर आधी सगळं युनिकोडमध्ये आणा. तोवर पुढचे टप्पे करण्यात अर्थ नाही. चित्रावर लिहून टाकलेल्या मजकुराचंही तेच. तो मजकूर पानावर अक्षरांत असायला हवा.

तपासा: त्याच अहवालात ‘तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल’ आणि ‘गुगलने निवडलेला कॅनॉनिकल’ असे दोन पत्ते असतात. कॅनॉनिकल म्हणजे सारख्या पानांपैकी मूळ धरायचा पत्ता. ते वेगळे असतील, तर गुगल तुमच्या दुसऱ्याच पानाला मूळ मानतंय. कॅनॉनिकल टॅग ही सूचना असते, हुकूम नव्हे.

## टप्पा २: लोक कोणत्या शब्दांत विचारतात

दार उघडं आहे हे ठरलं. आता खासगी विंडो उघडा आणि शोधपट्टीत हळूहळू टाइप करा: ‘सायकलची चेन’. खाली सुचणारे शब्द उतरवून घ्या. कुणी ‘चेन पडते’ म्हणतं, कुणी ‘चेन निघते’, कुणी ‘चेन उतरते’. हे तिन्ही एकच. पण ‘चेन स्लिप होते’ हा वेगळा प्रश्न आहे. तिथे चेन जागेवरच असते, जोर लावला की दातांवरून घसरते, आणि कारण बहुधा झिजलेली चेन किंवा झिजलेले दात हेच. शब्द जवळचे दिसतात म्हणून दोन्ही एका पानावर कोंबले, तर चेन पडलेल्या माणसाला निम्मं पान निरुपयोगी ठरतं. उलट ‘पडते’, ‘निघते’, ‘उतरते’ यांची तीन वेगळी पानं केली, तर आपलीच तीन पानं एकमेकांच्या पायात पाय घालतात. अर्थ एक असेल तर पान एक, दुखणं वेगळं असेल तर पानही वेगळं.

मग तो शोध घ्या आणि पहिले दहा निकाल नुसते वरवर नाही, उघडून बघा. लेख आहेत की व्हिडिओ, की विक्रीची पानं? सगळीकडे पायऱ्या-पायऱ्यांनी दुरुस्ती दाखवलेली असेल आणि तुमचं पान चेन विकत असेल, तर त्या शब्दासाठी झगडू नका, दुसरा निवडा. यावर वाद घालणारे भेटतात, ‘पण आमचं पान जास्त चांगलं आहे’ म्हणून. असेलही, पण विचारणाऱ्याला ते हवं नाही.

तपासा: सर्च कन्सोलच्या कामगिरी अहवालात तो शब्द गाळणीत (फिल्टरमध्ये) टाका आणि ‘पेजेस’ हा टॅब बघा. एकाच शब्दाला तुमची दोन-तीन पानं आलटून पालटून येत असतील, तर कोणतं ठेवायचं ते आत्ताच ठरवा. बाकीच्यांचं काय करायचं ते शेवटच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ३: उत्तर वर आणा

बहुतेक पानांची पहिली तीनशे अक्षरं वाया जातात. ‘सायकल हे एक उपयुक्त वाहन आहे’ हे चेन हातात घेऊन, काळ्या बोटांनी फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला सांगायची गरज नाही. त्याला पहिल्याच परिच्छेदात हे हवं: सायकलला गिअर नसतील तर चेन बहुधा सैल झाली आहे, मागचं चाक थोडं मागे ओढून नट पुन्हा आवळा. गिअर असतील तर आधी डिरेलरचे (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचे) मर्यादा-स्क्रू तपासा, आणि सायकल पडली असेल तर डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो हँगर वाकलाय का ते बघा. मग खाली सविस्तर, चित्रांसह.

उपशीर्षकंही लोक विचारतात तशीच असू द्या. ‘प्रस्तावना’, ‘कारणमीमांसा’, ‘उपाययोजना’ यापेक्षा ‘फक्त चढावर चेन पडत असेल तर’ हे शंभर पट बरं.

कीवर्ड किती वेळा यावा याचं प्रमाण विचारू नका, असं प्रमाण नाही. शब्दसंख्येचंही तेच, लांब लेख वर जातो असा नियम नाही. मोठ्याने वाचून बघा. ‘सायकलची चेन का पडते’ हे शब्द कानाला टोचायला लागले, तर ते जास्त झालेत.

चित्रांना अल्ट टेक्स्ट (चित्राचं लेखी वर्णन) द्या, आणि त्यात खरोखर काय दिसतंय ते लिहा: ‘मागच्या डिरेलरवरचे दोन मर्यादा-स्क्रू’. तिथे कीवर्डची माळ ओवणारे लोक स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांचा जीव खातात आणि पदरात काही पडत नाही.

सावधान: एआयकडून शंभर पानं एका दुपारी काढून चढवण्याचा मोह होतो. गुगलने मार्च २०२४ मध्ये स्पॅमच्या धोरणात घाऊक मजकुराचा मुद्दा स्पष्टपणे घातला. तो माणसाने लिहिला की यंत्राने, हा प्रश्न तिथे नाही. वाचणाऱ्याला काही न देणारी पानं रँकिंगसाठी ढिगाने काढली, हा आक्षेप आहे.

## टप्पा ४: आता शीर्षक

आता कुठे शीर्षकाची पाळी. आधीचं समजा असं होतं: ‘सायकल | सायकल चेन | चेन दुरुस्ती | सायकल रिपेअर टिप्स’. नवं: ‘सायकलची चेन सारखी पडते? ५ कारणं आणि घरच्या घरी दुरुस्ती’. पहिल्यात शब्द आहेत, दुसऱ्यात माणसाचा प्रश्न आहे.

शीर्षकाच्या लांबीला ठरलेली मर्यादा नाही, पण पडद्याच्या रुंदीनुसार ते कापलं जातं, म्हणून महत्त्वाचं आधी घ्या आणि साइटचं नाव शेवटी. टायटल टॅग (कोडमध्ये दिलेलं पानाचं शीर्षक) आणि पानावरचं मुख्य शीर्षक एकमेकांशी जुळणारी ठेवा. ऑगस्ट २०२१ पासून गुगल निकालातलं शीर्षक ठरवताना टायटल टॅगखेरीज पानावरची इतर शीर्षकंही जास्त विचारात घेतं. तुमचा टॅग पोकळ किंवा कोंबलेला वाटला, तर ते स्वतःच दुसरं शीर्षक लावतं. ‘गुगलने माझं शीर्षक बदललं’ ही तक्रार असेल, तर आधी आपलं शीर्षक पुन्हा वाचा.

मेटा डिस्क्रिप्शनने (निकालात शीर्षकाखाली दिसण्यासाठीच्या वर्णनाने) रँकिंग वाढत नाही. क्लिक वाढू शकतात, म्हणून दोन नीट वाक्यं लिहा. गुगल ती वापरेलच असं नाही. मेटा कीवर्ड्सचा टॅग गुगल बघत नाही, हे त्यांनी २००९ मध्येच जाहीर केलं आहे. तरीही तो रकाना भक्तिभावाने भरणारे आजही आहेत.

पत्त्याबद्दल एक बारीक गोष्ट. देवनागरी स्लग (पत्त्याच्या शेवटचा, पानाच्या नावाचा भाग) चालतो, गुगल तो वाचतं. पण कॉपी करून कुठे पाठवला की पुष्कळदा त्याचं टक्क्यांच्या चिन्हांत रूपांतर होतं. ‘सायकल’ या शब्दात काना धरून पाच चिन्हं, प्रत्येकाची नऊ अक्षरं, म्हणजे एका शब्दाचा ४५ अक्षरांचा शेपटा. नवं पान करताना छोटा स्लग ठेवा, देवनागरी असो वा रोमन. मात्र चालू असलेल्या पानांचे पत्ते केवळ यासाठी बदलू नका. बदलणं भागच असेल, तर जुन्यावरून नव्यावर ३०१ रीडायरेक्ट (कायमची वळवणी) लावल्याशिवाय नाही.

सावधान: जुन्या लेखांत ‘एफएक्यू’ (प्रश्नोत्तरं) आणि ‘हाऊ-टू’ (कृती) स्कीमा, म्हणजे निकाल ठळक दिसावा म्हणून कोडमध्ये टाकायच्या खुणा, लावायला सांगतात. गुगलने ऑगस्ट २०२३ मध्ये एफएक्यूचे ठळक निकाल ठरावीक सरकारी आणि आरोग्यविषयक साइटांपुरते ठेवले, आणि पुढच्याच महिन्यात हाऊ-टूचे बंद केले. त्यासाठी आता वेळ घालवू नका.

## टप्पा ५: आतल्या लिंक

सर्वात स्वस्त आणि सर्वात दुर्लक्षित काम हे. चेनच्या पानाला साइटवरच्या दुसऱ्या एकाही लेखातून लिंक नसेल, तर ते अनाथ पान आहे. गिअर लावण्याचं पान, चेनला तेल घालण्याचं पान, जुनी सायकल घेताना काय बघावं ते पान अशा संबंधित ठिकाणी जा आणि ओघात लिंक द्या. लिंकचे शब्द ‘इथे क्लिक करा’ नकोत. ‘चेन सारखी पडत असेल तर’ असे हवेत. सगळ्या ठिकाणी तंतोतंत तेच शब्दही नकोत.

लिंक खरी लिंक असावी. दिसायला लिंक, पण आतून क्लिकवर जावास्क्रिप्ट चालवणारं बटण असेल तर बॉटला त्यातून पुढचा पत्ता मिळत नाही.

बाहेरच्या लिंक विकत घेऊ नका. जाहिरातीची असेल तर तिला ‘स्पॉन्सर्ड’ची खूण हवी.

## टप्पा ६: वेग, पण बेताने

तीन मोजमापं लक्षात ठेवा. मुख्य भाग दिसायला २.५ सेकंदांच्या आत, क्लिकला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांच्या आत, आणि पान लोड होताना मजकूर उड्या मारण्याचा गुणांक ०.१ च्या आत. मधलं मोजमाप आयएनपी, ते मार्च २०२४ मध्ये एफआयडी या जुन्या मोजमापाच्या जागी आलं. हे आकडे ७५ टक्के भेटींमध्ये जमले तर पान ‘चांगलं’ धरलं जातं, आणि तेही खऱ्या वाचकांच्या फोनवर. तुमच्या लॅपटॉपवरच्या चाचणीत ९२ चे १०० करायला आठवडा घालवणं हा माझ्या मते छंद आहे, काम नाही.

बहुतेक पानांना दोन दुरुस्त्या पुरतात. चित्रं लहान करा आणि त्यांची रुंदी-उंची कोडमध्ये द्या, म्हणजे मजकूर उडी मारत नाही. दुसरी: वरच्या पहिल्या मोठ्या चित्राला लेझी लोडिंग (चित्र पडद्यावर यायच्या वेळीच उतरवणं) लावू नका. प्लगइन ते सरसकट लावतं, आणि जे चित्र आधी दिसायला हवं तेच रांगेत मागे जातं.

तपासा: पान फोनवर उघडा. गुगल मोबाइलचीच आवृत्ती वाचतं. डेस्कटॉपवर असलेला आणि फोनवर गाळलेला तक्ता त्याच्या लेखी नाही.

## टप्पा ७: कळवा आणि थांबा

साइटमॅप (साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची यादी) सर्च कन्सोलमध्ये एकदा द्या. एका फाइलमध्ये ५०,००० पत्ते किंवा ५० एमबी ही मर्यादा. त्यातला प्राधान्याचा आकडा गुगल बघत नाही. शेवटच्या बदलाची तारीख बघतं, पण ती खरी असेल तरच. रोज आपोआप आजची तारीख टाकणारी साइट स्वतःचीच पत घालवते.

मग सुधारलेल्या पानासाठी इंडेक्सिंगची विनंती एकदा करा. पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने रांग पुढे सरकत नाही.

## टप्पा ८: मोजणी आणि निर्णय

एका वेळी एक बदल, आणि शीटमध्ये तारीख. निदान चार आठवडे हात बांधून बसा. मग २८ दिवसांची आधीच्या २८ दिवसांशी तुलना करा. सणासुदी, सुट्ट्या, परीक्षा मध्ये आल्या असतील तर गेल्या वर्षीचे तेच दिवस धरा.

सरासरी स्थान फसवतं. समजा पान ‘चेन पडते’ला चौथं होतं आणि अजूनही चौथंच आहे, पण आता नव्या वीस शब्दांना चाळिसाव्या स्थानावर दिसू लागलंय. सरासरी कोसळलेली दिसेल आणि तुम्ही घाबरून शीर्षक परत जुनं कराल. प्रत्यक्षात पान वाढलंय. म्हणून आधी एक शब्द गाळणीत घ्या, मगच स्थान वाचा.

इम्प्रेशनच नाहीत, तर टप्पा १ आणि २ कडे परत जा. इम्प्रेशन आहेत, स्थान आठ ते वीसच्या मध्ये अडकलंय, तर टप्पा ३ आणि ५. स्थान चांगलं आहे आणि क्लिक नाहीत, तर टप्पा ४, पण आधी तो निकाल स्वतः बघा. उत्तर गुगलनेच वर छापलं असेल तर शीर्षकाचा दोष नाही.

राहिली टप्पा २ मध्ये बाजूला ठेवलेली पानं. त्यातला कामाचा मजकूर मुख्य पानात आणा, जुन्या पत्त्यावरून ३०१ लावा, साइटमॅपमधून तो पत्ता काढा, आणि साइटवरच्या ज्या लिंक जुन्या पत्त्याकडे जात होत्या त्या हाताने नव्याकडे वळवा. सगळं एकगठ्ठा मुखपृष्ठाकडे रीडायरेक्ट करू नका. गुगल अशा पत्त्यांना हरवलेलं पान समजू शकतं. रीडायरेक्ट निदान वर्षभर तसाच राहू द्या, आणि तो काढायची तारीख त्याच शीटमध्ये लिहून ठेवा.